भातलावणीचे फोटो: कधी जायचं, कुठे उभं राहायचं, कॅमेरा कसा वाचवायचा

चिखलपाय

पाऊस तोंडावर आला की लावणीच्या फोटोंबद्दल तेच प्रश्न सुरू होतात. कुठे जाऊ, कोणती लेन्स नेऊ, कॅमेरा भिजला तर काय करू? उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून या धाग्यात एकत्र करतोय. भर घाला, चुका काढा.

आधी 'कुठे' हा प्रश्न बाजूला ठेवा. खाचराचा फोटो जागेपेक्षा तारखेवर जास्त ठरतो. एकच खाचर मे महिन्यात भेगाळलेलं असतं, जुलैत एक-दोन दिवस आरसा होतं आणि ऑगस्ट अर्धा सरला की पाणी पानांखाली गडप होतं. पाट्या वाचत 'फोटो पॉइंट' शोधणाऱ्यांपेक्षा चहाच्या टपरीवर "चिखलणी कुठवर आली?" असं विचारणाऱ्याला चांगले फोटो मिळतात.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना क्रम साधारण असा असतो. फेब्रुवारी ते मे राब भाजणी. पालापाचोळा, शेण, गवत रचून रोपाची जागा भाजतात. सकाळी हवा थंड असते तेव्हा धूर दरीत खाली बसतो आणि प्रकाशाच्या उलट बाजूला उभं राहिलं तर त्यातून उन्हाचे झोत दिसतात. हे काम फारसं कुणी टिपत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय. पेरणी मृगात, किंवा त्याआधी धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की उपटणी, चिखलणी आणि लावणी. कोकणात जूनअखेर ते जुलैचा तिसरा आठवडा. घाटमाथ्याच्या पट्ट्यात, म्हणजे मुळशी, भोर, वेल्हे, इगतपुरी, अकोले इथे जुलैभर, आणि पाऊस लांबला तर ऑगस्ट उजाडतो.

चिखलणी झाली, पाणी निवळलं, पण रोप लावलेलं नाही, हाच आरशाचा काळ. एका खाचरापुरता तो जेमतेम एक-दोन दिवसांचा. लावणीनंतरही रोपं विरळ असेपर्यंत, साधारण दोन आठवडे, मधल्या पाण्यात आभाळ दिसत राहतं. पण गढूळ पाण्यातलं प्रतिबिंब आणि निवळलेल्या पाण्यातलं प्रतिबिंब यांत फरक आहे. सकाळी पॉवर टिलर (चिखलणीचं यंत्र) फिरला असेल तर ते खाचर दुसऱ्या दिवशी पहाटे बघा. रात्रीत गाळ खाली बसतो, आणि पहाटे वाराही पडलेला असतो.

आता उभं कुठे राहायचं. लावणी करणाऱ्या बायका वाकून मागे मागे सरकतात. लावलेल्या ओळी त्यांच्या पुढ्यात, रिकामं पाणी पाठीमागे. बहुतेक जण ज्या बांधावरून गावात शिरले तिथेच उभे राहतात, आणि तो नेमका पाठीकडचा निघतो. मग फोटोत आठ वाकलेल्या पाठी आणि आठ पदर. वळसा घालून लावलेल्या बाजूच्या बांधावर जा. पुढे ताज्या रोपांच्या ओळी, त्यांच्या टोकाला हात, हातांच्या वर चेहरे. चेहरे वर येतात ते दोनच वेळा: रोपांची नवी मूठ घ्यायला हात लांबवताना आणि कंबर सरळ करताना. ओळीतली एक कंबर सरळ करायला उठली की शेजारचीही बहुतेक वेळा उठते. कॅमेरा डोळ्याला लावून तेवढी वाट बघायची.

सेटिंग्ज. पावसाळी ढगाखाली दुपारीसुद्धा एफ/५.६ आणि १/५०० सेकंदाच्या शटरला आयएसओ ८०० ते १६०० लागतो. घाबरू नका, फोटोत हलका दाणा (नॉइज) चालतो, हललेला हात चालत नाही. रोवणारा हात गोठवायला १/५०० पुरतं. बांधावरून मुठी भिरकावतात ती मूठ हवेत पकडायची तर १/१०००. टिलरचा चिखल थेंब-थेंब दिसायला १/१६००. नाहीतर उलट टोकाला जा, १/४० ते १/६० वर टिलरबरोबर कॅमेरा फिरवा. मधलं १/२०० घेतलंत तर धड हे नाही, धड ते नाही.

आभाळ पांढरंफटक असेल तर फ्रेममधून सरळ कापा. त्या दिवशी वाइड लेन्स पिशवीतच राहू दे. ७०-२०० ची लेन्स घेऊन डोंगराची काळी कड किंवा झाडोरा मागे ठेवा.

नवशिकी

वाचनखूण साठवली. एक शंका: सगळीकडे वाचलं की पावसाळ्यात पोलरायझर हवाच. मी लावला तर पाण्यातलं आभाळ गेलं आणि नुसता चहासारखा चिखल आला. फिल्टर स्वस्तातला आहे म्हणून?

चिखलपाय

फिल्टरचा दोष नाही, त्याने त्याचं काम केलं. पोलरायझर चकाकी काढतो आणि प्रतिबिंब ही चकाकीच असते. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघितलं की प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण पुसलं जातं. उंच बांधावर उभं राहून आठ-नऊ फुटांवरच्या पाण्याकडे बघितलं की नेमका तोच कोन होतो.

म्हणून आरसा हवा असेल तर पोलरायझर काढा आणि गुडघ्यावर बसा. नजर जेवढी पाण्याला समांतर, तेवढं प्रतिबिंब घट्ट. रोपं दाट झाल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, तोच फिल्टर परत लावा. ओल्या पानावरची पांढरी चमक गेली की आतला हिरवा दिसतो. त्यात एक ते दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तो हिशेब ठेवा. फिरवताना पूर्ण टोकाला नेऊ नका. पानाची सगळी चमक गेली तर पान ओलं वाटतच नाही, प्लास्टिकचं वाटतं.

झूमवाला

पोलरायझरबद्दल किंचित असहमत. अर्धा फिरवला तर जवळच्या पाण्यात रोपाची मुळं दिसतात आणि लांबच्या पाण्यात आभाळ राहतं. दोन्ही एका फ्रेममध्ये मिळतं, फक्त लेन्स २४ एमएमच्या आसपास हवी. त्याहून वाइड गेलात तर आभाळाच्या निळ्यात एका बाजूला गडद पट्टा येतो. ढगाळ दिवशी तो प्रश्न नाही.

ग्रेडेड एनडी (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक फिल्टर) वापरणाऱ्यांसाठी: प्रतिबिंब नेहमी खऱ्या आभाळापेक्षा गडद असतं, अंदाजे एक स्टॉप. तीन स्टॉपचा फिल्टर आभाळावर ओढलात तर पाणी आभाळापेक्षा उजळ होतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो. दोन स्टॉप भरपूर. खरं तर आजच्या सेन्सरवर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) एक थोडा कमी एक्स्पोजरचा फोटो घेतला तरी भागतं, आणि पावसात चौकोनी काच पुसत बसण्यापेक्षा ते बरं.

मावळवारा

चांगला धागा. माणसांबद्दल लिहितो, कारण बिघडतं ते तिथेच.

लावणी म्हणजे घड्याळाशी शर्यत. पाणी आहे तोवर उरकायचं असतं, आणि कामाची माणसं एका दिवसापुरती मिळालेली असतात. त्यामुळे "जरा थांबता का, परत एकदा करा" हे वाक्य विसरून जा. बांधावर पोचल्यावर कॅमेरा गळ्यात, हात मोकळे, आणि आधी मालकाला किंवा सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला विचारायचं: "मावशी, काम चालू द्या, मी इथून फोटो काढू का?" नको म्हणाल्या तर पुढचं खाचर. लांबून ४०० एमएमने चोरून काढलेला फोटो कळतो. बायका पदर सावरायला लागल्या की समजा, त्यांनी तुम्हाला पाहिलंय आणि त्यांना ते रुचलेलं नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं ही कामाची गरज आहे. तिथे वाकून, खालच्या कोनातून फोटो काढू नका. खालचा कोन पाण्यासाठी ठीक, पण तेव्हा माणसं लांब हवीत.

पैसे द्यावेत का, यावर वाद होतात. माझं मत: फोटोचे देऊ नका, प्रिंट द्या. ५×७ ची प्रिंट फार महाग नसते. गावातल्या किराणा दुकानाचा पत्ता आणि पिनकोड घ्या, पोस्टाने पाठवा. पुढच्या वर्षी त्याच बांधावर तुम्हाला कुणी परकं म्हणणार नाही.

आणि "मावशी, इरलं घाला ना" हा हट्ट सोडा. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं अजून काही ठिकाणी दिसतं, पण बहुतेक ठिकाणी निळं प्लास्टिक किंवा पोत्याची खोळ. आज लावणी अशीच होते, तर फोटोत ती तशीच यायला हवी. निळ्या प्लास्टिकची अडचण तांत्रिक आहे: ओलं झालं की त्यावर पांढरे डाग चमकतात आणि निळा रंग सगळी नजर ओढून घेतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या, नंतर फक्त निळ्याची सॅच्युरेशन १५-२० ने कमी करा. प्लास्टिक राहतं, आरडाओरडा जातो.

आणखी एक. गावात लावणी दिसतच नाही, म्हणून गोंधळू नका. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेलं सगुणा भात तंत्र जिथे वापरतात तिथे चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, म्हणजे बी टोचून पेरतात. तिथे आरसा मिळणार नाही, पण वाफ्यांच्या सरळ रेघा उंचावरून छान दिसतात. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंमीच्या आलटून पालटून अंतराने लावतात. जोडओळींची नक्षी हवी असेल तर अशी शेतं विचारून काढा, कारण पारंपरिक लावणीत ओळ सरळ नसते.

तिफण

+१. गायबगळ्यांचं राहिलं. टिलर किंवा बैलामागे बगळ्यांची रांग असते आणि या दिवसांत त्यांच्या डोक्या-पाठीवर विणीच्या हंगामाची केशरी पिसं असतात. काळा चिखल जास्त, पांढरा पक्षी लहान. कॅमेरा सरासरी काढून बगळा जाळून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ऋण ०.७ ते ऋण १ ठेवा आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी बाजू बघा. धुक्यात याच्या बरोबर उलट: कॅमेरा धुकं राखाडी करतो, तिथे अधिक ०.७ ते अधिक १. एका सकाळी दोन्ही करावं लागतं, म्हणून कॉम्पेन्सेशनचं चाक अंगठ्याखाली असलेलं बरं.

कोकणकाठ

आता कॅमेऱ्याची काळजी. इथे मात्र सविस्तर लिहितो.

'वेदर सील्ड' (पाणी-धूळ आत न येणारा) या शब्दावर विसंबू नका. बॉडीला सील असून लेन्सच्या माउंटला रबरी कडा नसेल तर पाणी तिथूनच जातं. काही लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पुरं होत नाही. बाहेर सरकणारी झूम लेन्स पंपासारखी काम करते: पुढे-मागे केली की दमट हवा आत ओढते. पावसात आतल्या आत झूम होणारी किंवा एका फोकल लेंग्थची लेन्स बरी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बांधावर लेन्स बदलणं. निघायच्या आधी एक ठरवा आणि तीच ठेवा.

झाकायला महागडं कव्हर लागत नाही. जाड प्लास्टिकची पिशवी, हूडच्या (लेन्सपुढच्या कड्याच्या) आकाराचं भोक, वर रबरबँड. हूड लावलेलाच असू दे आणि दोन फोटोंच्या मध्ये लेन्सचं तोंड खाली. पुसायला मायक्रोफायबर दहा मिनिटांत भिजतो आणि मग पाणी नुसतं पसरवतो. जुन्या मऊ सुती पंचाचे चार तुकडे वेगळ्या झिप पिशवीत न्या. आधी टिपायचं, मग पुसायचं.

वाफ धरण्याचं कारण एसी. गार गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर लगेच वाफ जमते. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद झिप पिशवीत ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. बाहेरच्या काचेवरची वाफ जाते. आतल्या काचांमध्ये वाफ दिसली तर झूम फिरवू नका, हेअर ड्रायर तर मुळीच नको.

पाणी आत गेलं असं वाटलं तर लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका. शॉर्टसर्किट त्या एका बघण्यात होतं. बाहेरून पुसून, झाकणं उघडी ठेवून, सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात दोन दिवस. घरोघरी सांगतात तसा तांदळात पुरू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड पोर्टमध्ये जाऊन बसते. भाताचे फोटो काढा, पण कॅमेऱ्याला भात खायला घालू नका.

पावसाळाभर बुरशीपासून वाचायला ड्राय कॅबिनेट हवं असं नाही. रबरी कडा असलेला २० लिटरचा डबा, अर्धा किलो सिलिका जेल, एक साधा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ७० च्या वर आठवडाभर राहिला तर काचेवर जाळी धरायला लागते. फार खाली, ३० वगैरे, आणायचीही गरज नाही. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, परत मूळ रंग येतो. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर आणि जेवण दोन्ही देणं.

अनवाणी

कॅमेऱ्याइतकंच ट्रायपॉडचं. एरवी आपण वरचा जाड भाग आधी उघडतो. चिखलात उलटं करा: सगळ्यात खालची, बारीक नळी आधी पूर्ण काढा, म्हणजे फिरवायचा लॉक चिखलाच्या वर राहतो. लॉकमध्ये बारीक गाळ गेला की दुसऱ्या दिवशी तो करकरतो आणि महिन्याभरात घसरायला लागतो. पाय रुतू नयेत म्हणून खाली तीन करवंट्या पालथ्या ठेवा, डब्यांची रुंद झाकणं असतील तर आणखी बरं. परतल्यावर नळ्या बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवायच्या, सावलीत वाळवून मगच आत सरकवायच्या.

बांधाबद्दल कळकळीने. लावणीच्या दिवसांत बांध नुकता चिखलाने लिंपलेला असतो. वरून कोरडा दिसतो, पण आत लोण्यासारखा. त्याच्या कडेवर पाय पडला, कड सुटली आणि खाचराचं पाणी रात्रीत खाली गेलं तर नुकसान त्या शेतकऱ्याचं. गवत उगवलेल्या, रहदारीच्या रुंद बांधावरूनच चाला. एकाच्या मागे एक, आणि दोन माणसांत अंतर ठेवून. चुकून फुटलाच तर पळू नका, लगेच हाक मारून सांगा. दोन फावडी चिखलात काम भागतं, उशीर झाला तर नाही.

नाव अनवाणी असलं तरी सल्ला उलटा देतोय: पायाला चिरा किंवा जखम असेल तर खाचरात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, कोकणात पावसाळ्यात त्याच्या केसेस येतात. गुडघ्याएवढे गमबूट घ्या. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना 'भाताच्या चिखलात उतरलो होतो' हे स्वतःहून सांगा. आणि ढग गडगडायला लागले की मोकळ्या खाचरात धातूचा ट्रायपॉड धरून उभं राहायचं नाही. बायका काम सोडून निघाल्या की तुम्हीही निघा.

नवशिकी

पाऊस पडतोय हे फोटोत दिसतच नाही. मुसळधार असतानाही फोटो कोरडा!

झूमवाला

मागची बाजू उजळ असेल तर पाऊस दिसत नाही. काळं झाड, काळा डोंगर, गोठ्याचं अंधारं दार मागे घ्या. १/६० ते १/१२५ वर धारा रेघांसारख्या येतात. १/५०० वर त्यांचे ठिपके होतात आणि ते दाण्यासारखे वाटतात. ८५ ते १५० एमएम बरं. प्रकाश पावसाच्या मागून, सरळ किंवा तिरका, कॅमेऱ्याकडे आला तर रेघा चमकतात. ऑटोफोकस जवळच्या थेंबांवर उड्या मारतो, म्हणून एकदा माणसावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. फ्लॅश बंद, नाहीतर लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन येतील. १/६० वर रोवणारे हात हलणारच, म्हणून धारांच्या फोटोत माणूस थांबलेला निवडा: छत्रीखालचा, चहा पिणारा, बैलाला धरून उभा राहिलेला.

पूर्वेकडचा

परदेशातल्या भातखाचरांबद्दल थोडं, कारण पुष्कळ जण इथली सवय तिकडे घेऊन जातात आणि फसतात.

चीनच्या युन्नानमधली युआनयांगची, हानी नावाच्या जमातीची खाचरं (२०१३ पासून जागतिक वारसा) कापणीनंतर कोरडी करत नाहीत, हिवाळाभर पाण्याने भरून ठेवतात. म्हणून तिथे आरशाचा हंगाम डिसेंबर ते मार्च, आणि तो कोरड्या हवेचा. आपल्या लावणीसारखं ढगाखालचं मऊ काम नाही. तिथे सगळा खेळ सूर्याच्या तिरक्या प्रकाशाचा आणि रंगाचा. दुओयीशू हा पॉइंट पूर्वेकडे उघडा, म्हणून सूर्योदयाला. बादा आणि लाओहूझुई हे पॉइंट सूर्यास्ताला. सगळ्या चीनमध्ये वेळ एकच असल्याने जानेवारीत तिथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो. भारतीय सवयीने पहाटे पाचला जाऊन थंडीत कुडकुडण्याची गरज नाही, पण गर्दी असल्याने ट्रायपॉडची जागा धरायला तासभर आधी जा. लेन्स वाइड कमी, १००-४०० जास्त: हजारो बांधांच्या वळणांतला तुकडा कापून घ्यायचा असतो. सूर्य येण्याआधी पाणी निळं, पहिल्या उन्हात तांबूस, आणि काही खाचरांत अझोला वाढून लालसर दिसतं, ते रंग फोटोशॉपमधले नसतात. पोलरायझरला तिथे सुट्टी द्या.

व्हिएतनामच्या मू कांग चाईत वर्षाला एकच पीक. पाणी सोडतात आणि लावणी होते ती मेअखेर ते जून, आणि सोनेरी रंग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये जाल तर हिरवा एके हिरवा. बालीतल्या जतिलुविहमध्ये सुबक ही पाणीवाटपाची व्यवस्था आहे (२०१२ चा वारसा). तिथे पाणी पाळीने फिरत असल्याने बऱ्याचदा एका नजरेत एक खाचर भरलेलं, एक हिरवं, एक पिकलेलं असं दिसतं. जपानच्या नोतोतली शिरोयोने सेनमाईदा ही पायऱ्यांची खाचरं समुद्राला टेकलेली आहेत. तिथे लावणी मे महिन्यात. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या खाचरांना भेगा पडल्या आणि त्या वर्षी थोड्याच भागात लावणी झाली, त्यामुळे जुने फोटो बघून योजना आखू नका.

सगळीकडे नियम एकच: हॉटेल बुक करण्याआधी पाणी कधी सोडतात ते विचारा.

मावळवारा

@पूर्वेकडचा, हे वाचून एक लक्षात आलं. आपल्याकडे लोक युआनयांगचे फोटो बघून मुळशीत तो निळा-तांबूस आरसा शोधतात आणि हिरमुसतात. जुलैत घाटमाथ्यावर सूर्यच दिसत नाही, रंग येणार कुठून? इथली ताकद वेगळी आहे: ढग जमिनीला टेकलेला, काळा कातळ, धबधब्याची पांढरी रेघ, आणि खाली वाकलेली रंगीत माणसं. चित्र राखाडीच राहू द्या.

तिफण

मोबाईलवाल्यांसाठी कुणी लिहिलं नाही. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, म्हणून आवाजाचं बटण शटर म्हणून ठरवून घ्या. धुक्यात फोन आपोआप एचडीआर (उजळ-गडद फोटोंची जोडणी) करतो आणि डोंगराच्या कडेभोवती पांढरी प्रभा काढतो. एचडीआर बंद करता येत असेल तर करा, नाहीतर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा. डिजिटल झूम नको, चार पावलं पुढे जा (बांध बघून!). 'वॉटरप्रूफ' फोनचा चार्जिंग पोर्ट ओला असताना चार्जर लावू नका.

नवशिकी

ड्रोनचं काय? वरून ओळी सुरेख दिसतात.

चिखलपाय

दिसतात. पण आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. पण पुणे, नाशिक परिसरात लष्करी जागा भरपूर, तिथे लाल-पिवळे पट्टे आहेत, आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी. घरगुती ड्रोन पावसासाठी बनलेले नसतात. धुक्यात गेला की डोळ्याला दिसेनासा होतो, आणि तो दिसेल एवढ्यातच उडवायचा असतो. घारी अंगावर येतात. आल्या तर खाली नाही, सरळ वर न्या.

काम करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर घिरट्या घालू नका. विचारलेलं असलं तरी आवाजाने बैल बुजतात, आणि चिखलात बुजलेला बैल म्हणजे मोठा धोका.

तंत्र: अगदी सरळ खाली बघताना दुपारी पाण्यात सूर्याचा पांढरा ठिपका येतो, म्हणून ढगाळ वेळ किंवा सकाळ. ६० ते ८० मीटरवर लावणाऱ्या बायका आणि ओळी दोन्ही ओळखू येतात. १२० वर माणसं मुंग्या होतात आणि मग फोटो नुसत्या नक्षीचा उरतो.

झूमवाला

एडिटिंगबद्दल दोन ओळी, कारण अर्धे फोटो तिथेच मरतात. ओल्या भाताचा हिरवा मुळात पिवळसर असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स ढगाखाली फोटो निळसर करतो, म्हणून ५६०० ते ६००० केल्विन हाताने ठेवा. मग सॅच्युरेशन वाढवायचं नाही. उलट हिरव्याची १० ने कमी करा आणि पिवळ्याची छटा अगदी थोडी हिरव्याकडे ढकला. डीहेझ (धुकं कमी करणारा स्लायडर) १०-१५ च्या पुढे नेला की धुकं धुरासारखं मळकट होतं. धुकं काढून टाकायचं असेल तर पावसाळ्यात गेलात कशाला?

कोकणकाठ

सप्टेंबरनंतर धागा झोपतो म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. हळवं भात सप्टेंबरअखेर पिकायला लागतं, निमगरवं ऑक्टोबरात, गरवं नोव्हेंबरपर्यंत. कापणीत पाणी नसतं, तिथे धूळ असते. झोडणीच्या वेळी उडणारा भुसा संध्याकाळी पाचनंतरच्या उन्हात मागून उजळला की सोन्यासारखा दिसतो. पेंढी आपटताना १/१००० वर दाणे हवेत थांबतात, १/१२५ वर पेंढीचा पंखा होतो. वाऱ्याने भुसा ज्या बाजूला उडतो तिथे उभे राहू नका. भुसा लेन्सवर बसला तर कापडाने पुसू नका, त्याची कड धारदार असते आणि काचेला ओरखडे पडतात. आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, आणि कापड शेवटी.

नवशिकी

पंधरा जुलैच्या आसपास इगतपुरी बाजूला जायचा विचार आहे. एकच लेन्स न्यायची तर ७०-२०० की २४-१०५?

चिखलपाय

पहिल्यांदाच जाताय तर २४-१०५. कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) नसेल तर १८-१३५. गोंड्याची टोपी घालतो तसं पिशवीचं तोंड हूडवर घट्ट बसवा, आणि गावात शिरायच्या आधी टपरीवर चहा घ्या. कुणाची चिखलणी कुठे चाललीय ते तिथेच कळेल.